कोऱ्या मेणातला तुकडा

दिवा जरा बारीक करा. सांगताना माझ्या तोंडाकडे कुणी बघायला नको.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी ऊतींचे काप काढते. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला अवयवाचा कण यंत्रावर कापायचा, पापुद्रा कोमट पाण्यावर सोडायचा, मग काचेवर अलगद उचलायचा. ठोकळा बदलला की पाण्यावरून कागद फिरवायचाच. नाहीतर आधीचं काहीतरी तरंगत राहतं आणि पुढच्याच्या काचेवर जाऊन बसतं. आमच्यात याहून मोठी नाचक्की नाही. माझ्या जोडीला काम करणाऱ्या चष्मेवालीच्या हातून एकदा असं झालं, तेव्हा मीच सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "बाई गं, पाणी आहे की गटार?"

परवा दुपारी सरांनी हाक मारली. पीएचडीच्या मुलीला उंदराच्या यकृताचे काप मी दिले होते. तिचा तो शेवटचा ठोकळा, दुसरा मिळणार नव्हता. ती रडवेली होऊन उभी होती.

"यकृताच्या मधोमध हे काय आहे?" सर म्हणाले. "कातडी आहे. माणसाची. बोटाच्या टोकाची."

आमच्याकडे माणसाचं काही येतच नाही.

"काकू, पाणी पुसलं होतंत ना...?" मुलीने हळूच विचारलं.

"पुसलं होतं गं!" माझा आवाज चढला. चष्मेवाली हसलीसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी भांडं घासलं, पाणी बदललं, नवं पातं लावलं. मग इरेला पेटून, ज्यात काहीच बसवलेलं नाही असा कोऱ्या मेणाचा ठोकळा सगळ्यांसमोर कापला. होऊन जाऊ दे एकदाचं! खोलीत मेणाचा वास कोंडला होता. यंत्राचं चाक खर्र... खर्र फिरत होतं. पापुद्रे पाण्यावर पसरले, अगदी स्वच्छ. रंग देऊन काच सरांपुढे ठेवली.

सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात.

"तोच तुकडा," ते म्हणाले. "पण... आणखी आतला. मगाशी वरची कातडी होती, आता खालची चरबी दिसतेय." मग माझ्याकडे वळले. "हात बघू तुमचे."

शाळेत नखं तपासायला उभं करतात तसे मी हात पुढे केले. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

"उद्यापासून यंत्रावर या बसतील," चष्मेवालीकडे बघत सर म्हणाले. मुलीचं वर्ष माझ्यामुळे वाया गेलं, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

सुटायच्या वेळी हजेरीच्या मशीनवर अंगठा लावला. लाल दिवा. पुसून परत लावला. लालच. मागे रांग खोळंबली.

"काकू, जरा दाबून..."

दाबला, पण काचेचा गारवा लागेना. अंगठा उजेडात धरला. त्यावर एकही रेघ नव्हती. पिवळट, गुळगुळीत. नखाने दाबलं तर खूण तशीच राहिली, मेणावर राहते तशी.

मी झटकन मूठ मिटली. "मशीन बिघडलंय मेलं," म्हणाले आणि शेजारचं बोट लावलं. ते घेतलं त्याने.

काल सकाळी अंथरुणातच होते, तेव्हा चष्मेवालीचा फोन आला. ती अगदी दबक्या आवाजात बोलत होती.

"ताई, मी आता एक ठोकळा कापला... त्यात परत कातडी आलीय. दुसऱ्या बोटाची असावी. तीळ आहे तिच्यावर..." ती थांबली. "ताई, तुमच्या बोटावर तीळ आहे का हो?"

आहे. तर्जनीवर. देवाशपथ सांगते, मला आधी भीती नाही वाटली. लाज वाटली. म्हणजे घाण माझीच होती.

"छे गं, नाही," मी म्हणाले आणि न बघताच हात पांघरुणाखाली घेतला.