हात जरा वर घ्या, डॉक्टर

लाइट घालवलास? बरं केलंस. आणि तू गं, लग्नाच्या फिल्मसाठी उद्या पहाटे टेकडीवर नटूनथटून पळणार आहेस ना? मग तू पुढे बस. खास तुझ्यासाठीच सांगतोय.

माझ्या फ्रेमच्या दुकानाला लागून फोटो स्टुडिओ आहे ना, तो फोटोग्राफर माझा दोस्त. सगळे त्याला 'अजून-एक' म्हणतात. कितीही फोटो काढले तरी "अजून एक" म्हटल्याशिवाय गडी कॅमेरा खाली ठेवत नाही. हे त्याच्या बाबतीत घडलं. मागच्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. अमावास्या नाही, वादळ नाही, साधा मंगळवार. रात्री साडेदहाला तो एका नवरीची वाट बघत बसला होता. तिने फिल्म बघून हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावायची, एवढंच काम होतं.

नवरी बँकेत होती. उंच, ताठ, बोलायला एकदम रोखठोक. नवरा दातांचा डॉक्टर, आणि त्याचं हे दुसरं लग्न. पहिली बायको तापाचं निमित्त होऊन गेली. ती छोटीशी होती, जेमतेम त्याच्या छातीला लागायची. सारखी हसायची. तेव्हा त्या दोघांचं कसं जमलं, कुठे भेटायचे, त्याची फिल्म अजून-एकनेच केली होती.

डॉक्टर ती जुनी फिल्म रात्री फोनवर बघत बसतो, हे बँकवालीने एकदा पाहिलं आणि तिथेच माशी शिंकली. ती थेट स्टुडिओत आली.

"भाऊ, मला तीच फिल्म हवी. तोच पूल, तोच लायब्ररीचा जिना. फक्त तिच्या जागी मी."

"ताई, पण तुमची ओळख बँकेत झाली ना?"

"झाली. लॉकरच्या खोलीत. त्याची काय फिल्म करणार? आणि माझी तयार झाली की ती जुनी डिलीट करायची. माझ्या डोळ्यांदेखत. त्याच्या फोनमधली मी उडवते."

अरे, जिवंत सवत असती तर हिने तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. आता ही भांडणार कोणाशी? फोटोशी? मला तर तिची दयाच आली.

शूटिंग झालं. त्रास एकच होता. डॉक्टर तिच्या खांद्यावर हात ठेवायला जायचा आणि हात खालीच थांबायचा, तिच्या कोपरापाशी, हवेत. नजरही तिथेच.

"हात जरा वर घ्या, डॉक्टर," अजून-एक म्हणायचा.

बिचारा ओशाळायचा, हात वर घ्यायचा. पुढच्या शॉटला पुन्हा खाली. नवरी कॅमेऱ्यासमोर हसायची, पण तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

तर त्या मंगळवारी ती आली. एकटीच.

"दोन्ही शेजारी शेजारी लावा," म्हणाली. "कुणाची चांगली झालीय, ते मला बघायचंय."

टेबलावर दोन स्क्रीन. डावीकडे जुनी फिल्म, उजवीकडे नवी. त्याने दोन्ही एकदम सुरू केल्या. डावीकडे पूल, उजवीकडे तोच पूल. डावीकडे ती छोटी हसतेय, उजवीकडे ही हसतेय. पण उजवीकडचा डॉक्टर हिच्याकडे बघत नव्हता. खाली, डावीकडे बघत होता. सरळ त्या दुसऱ्या स्क्रीनमध्ये.

"भाऊ... हा तिच्याकडे बघतोय."

"ताई, अँगल तसा आलाय."

"प्रत्येक शॉटला?"

तो उगाच माउस हलवत राहिला.

"डिलीट करा."

"नक्की ना, ताई?"

"करा म्हटलं ना!"

केली. डावी स्क्रीन काळी झाली. उजवीकडे फिल्म चालूच. डॉक्टर पुलावर उभा. काळ्या स्क्रीनकडे बघत.

मग तो हसला.

ते हसणं अजून-एकने शूट केलंच नव्हतं.

डॉक्टरने हात खाली नेला... आणि चालायला लागला. डावीकडे. फ्रेमच्या बाहेर.

पुलावर नवरी एकटी.

आणि काळ्या स्क्रीनच्या बाजूच्या स्पीकरमधून... त्याचा आवाज. हळू.

"हं... बोल ना."

बस. एवढंच. इतक्या मायेने तो बँकवालीशी कधी बोलला नव्हता.

अजून-एक मला म्हणाला, तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती रे. नुसता जळफळाट होता. ती काळ्या काचेला तोंड लावून म्हणाली, "तो माझा आहे."

काही नाही.

"ऐकलंस का? माझा आहे!"

कॉम्प्युटरचा पंखासुद्धा थांबला.

थोड्या वेळाने डॉक्टर फ्रेममध्ये परत आला. नवरीशेजारी उभा राहिला. पण... मध्ये एका माणसाची जागा सोडून.

काय म्हणालीस? थापा? अगं, थाप मारायची असती तर डॉक्टरला तिथल्या तिथे मारून टाकला नसता का मी? त्याला काहीच झालं नाही. त्या वेळी तो घरी घोरत होता म्हणे. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, फिल्म दाखवली, टाळ्या पडल्या. शेवटी दोघं अशी लांब लांब का उभी, तर लोकांना वाटलं, नवी स्टाइल असेल.

नंतर त्यांचा स्टेजवरचा मोठा फोटो फ्रेम करायला माझ्याकडे आला. या वेळी डॉक्टर नीट कॅमेऱ्याकडे बघत होता. खाली बघत होती ती नवरी. दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे. चेहरा पांढराफटक.

मी काच बसवली. पुसली. वाकून बघितलं.

स्टेजवर नवाकोरा, दाट गालिचा होता. त्या रिकाम्या जागेत, गालिच्यात दोन पावलं रुतलेली. लहान... अनवाणी.

मला वाटलं, बोटं डॉक्टरकडे असतील.

नव्हती.

नवरीकडे होती.