पेटीतल्या माणसाने आवाज करू नये

"मृत्यू ही जगातली एकमेव खरी जादू आहे. बाकी सगळी हातचलाखी," प्रोफेसर नंदकिशोर कॅमेऱ्याकडे रोखून पाहत म्हणाले, आणि वाक्य समोरच्यांच्या डोक्यात नीट मुरावं म्हणून थोडे थांबले.

"सर, माइक सुरू व्हायचाय अजून," कानाला हेडफोन लावलेली अर्पिता म्हणाली. "आणि कोटाचं वरचं बटण खालच्या काजात गेलंय."

मृत्यूचं वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला माणूस तालेवार लागतो. नंदकिशोरांनी बटण नीट लावलं आणि चहा मागितला.

ते प्रोफेसर कोणत्याही कॉलेजात नव्हते. यवतमाळला सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली आणि रजेच्या दिवशी जादू. शाळाशाळांतून प्रयोग करून शेवटी मुलांना सांगायचे, "भूत नसतं, मंत्र नसतो, असते ती फक्त युक्ती." मुलं टाळ्या वाजवायची. पडद्याआड घामाने भिजलेला अवधूत मात्र तेव्हा सामान बांधत असायचा.

अवधूत हा जोडीतला दुसरा. फुलसावंगीचा शेतकरी, घरची पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. नंदकिशोर कोट घालून बाहेर उभे राहत आणि अवधूत पेटीत जाई. जाहिरातीत नाव होतं 'प्रोफेसर नंदकिशोर आणि सहकारी'. सहकारी एकच होता, पण नाव लिहायला बॅनरवर जागा नसे.

आता या जोडीवरून सिनेमा निघत होता. दिग्दर्शिका सुरभी यवतमाळचीच, पुण्याला शिकून आलेली. एकमेकांचा जीव घ्यायला टपलेल्या दोन जादूगारांची गोष्ट तिने लिहिली होती.

"ब्लॅक कॉमेडी आहे, सर," तिने पहिल्याच भेटीत सांगितलं.

"म्हणजे काय असतं?"

"माणूस मरतो आणि लोक हसतात."

"मग ती आमची बातमीच झाली," नंदकिशोर म्हणाले. सुरभीला हा विनोद वाटला. तिने तो वहीत टिपून घेतला.

सल्लागार व्हायला ते एका अटीवर तयार झाले. पेटी अवधूतचीच हवी. सुरभीला वाटलं, म्हाताऱ्याचा कलेवर केवढा जीव! जीव होता, पण कलेवर नव्हता. नंदकिशोरांना त्या पेटीला एक प्रश्न विचारायचा होता. वर्षभर त्यांनी तो स्वतःला विचारून पाहिला होता. वजन अकरा किलोंनी उतरलं, उत्तर काही मिळालं नाही.

पेटी म्हणजे उभ्या कपाटासारखं सागवानी खोकं. आत दोन आरसे तिरके बसवलेले. आरशांमागे माणूस उभा राहिला की दार उघडल्यावर पेटी रिकामी दिसते. ती मागची जागा फुलचंद मिस्त्रीने अवधूतच्या अंगाची मापं घेऊन शिंप्यासारखी बेतली होती. तिथे एक माणूस आणि त्याचा अपमान एवढंच मावे. प्रत्येक प्रयोगानंतर अवधूतची एकच तक्रार असे. "कोपर लागते नं राजा." आणि नंदकिशोरांचा नियम ठरलेला. पेटीतल्या माणसाने आवाज करू नये. खोकला आला तर लवंग चघळावी, पण दार ठोठावलं की प्रयोग मोडला.

बोलायची परवानगी एकदाच. नंदकिशोर पेटीवर काठी आपटून विचारत, "अवधूत, आहेस का रे?" आतून खणखणीत उत्तर येई, "नाही!" लोक हसून लोळत. दार उघडलं की पेटी रिकामी. मग दार लावून मंत्र म्हणायचा. तेवढ्यात अवधूत आरसे सरकवून पुढे येई, आणि दार पुन्हा उघडलं की हजर.

गेल्या वर्षी राजूरला, कोळसा खाणीजवळच्या वस्तीत, भर उन्हाळ्यात दुपारी मंडपात प्रयोग होता. अवधूत चार वाजून दहा मिनिटांनी पेटीत शिरला. सव्वाचारला प्रमुख पाहुणे आले. आपल्याकडे पाहुणे आले की हनुमानसुद्धा द्रोणागिरी खाली ठेवून सत्कार होईस्तोवर थांबेल. आयोजकांनी प्रयोग थांबवला. पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांच्या हस्ते नंदकिशोरांना शाल-श्रीफळ, आणि मग 'दोन शब्द'. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्या हातात माइक दिला होता तो मंत्र म्हणायला नव्हे. त्यांनी बावीस मिनिटं आभार मानले. पाहुण्यांचे, सरपंचांचे, मंडपवाल्याचे, चहावाल्याचे, झेंडूची माळ गुंफणाऱ्या बाईंचे, नावानिशी. पेटी मागे, मंडपाच्या उघड्या बाजूला, उन्हात उभी होती.

पाचला तीन मिनिटं कमी असताना त्यांनी काठी आपटली. "अवधूत, आहेस का रे?"

"नाही!"

हशा. दार उघडलं, पेटी रिकामी. टाळ्या. मंत्र म्हणून पुन्हा उघडलं, तरी रिकामीच. "गेला वाटतं फुलसावंगीले," नंदकिशोर म्हणाले. आणखी हशा. त्या दिवसातला सगळ्यात मोठा.

पडदा ओढून त्यांनी आरसा सरकवला. अवधूत उभाच होता. पडायला जागाच नव्हती.

वीस मिनिटांत डॉक्टर आले. हात लावून म्हणाले, "हार्ट दिसतंय. तास तरी झाला असेल. अंदाजे."

नंदकिशोर हिशेबी माणूस. तास झाला असेल, तर अवधूत शिरताक्षणीच गेला. म्हणजे भाषणाने तो गेला नाही. पण मग "नाही" कोण म्हणालं? आणि "नाही" अवधूतच म्हणाला असेल, तर डॉक्टर चुकले. मग आभाराच्या एकेका नावासरशी तो आत घुसमटत होता, दात लवंगेवर रोवून, कारण नियमच तसा होता. जन्मभर भूत नसतं म्हणून सांगत आलेल्या माणसाला आता निर्दोष सुटायला भूतच साक्षीला हवं होतं.

सिनेमासाठी पेटी आणायला ते फुलसावंगीला अवधूतच्या घरी गेले, तेव्हा अवधूतच्या बायकोने, शोभाने, चहा दिला आणि कपबशी उचलता उचलता विचारलं, "भाऊजी, लोक म्हनतात, तुमी आवाज देल्ला तं त्यायनं उत्तर देल्लं. खरं हाय का?"

"हो, वहिनी. दिलं."

"जोरानं?"

"मागच्या रांगेपर्यंत गेलं."

शोभाने पदराने पेटीची कडी पुसली. "मंग तोवर होते. तेवढाच जिवाले आधार."

जो तिचा आधार, तोच नंदकिशोरांचा फास. चहा गोड होता. त्यांनी तो संपवला.

पेटी टेम्पोत चढवायला दोन माणसं पुरली होती. यवतमाळला उतरवायला चार लागली. टेम्पोवाला सेवादास कंबर धरून म्हणाला, "सर, आत कोनी बसून नाही नं? चढवताना तं अशी नव्हती."

"सागवान आहे. उन्हात फुगतं."

लाकूड उन्हात आकसतं हे दोघांनाही ठाऊक होतं. पण जेवणाची वेळ झाली होती, कोणी वाद घातला नाही.

शूटिंग शहराबाहेरच्या एका जिनिंगच्या रिकाम्या गोदामात होतं. हंगाम संपला होता, तरी कापसाचे तंतू अजून हवेतच होते. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे दांडे खाली येत आणि त्यांत ते तंतू तरंगत. सरकीचा तेलकट वास कपड्यांना चिकटे. दोन दिवसांत पेटीवरही तंतूंची पांढरी लव चढली, आत आरशांमागेसुद्धा. तिथे टॉर्च मारून पाहताना नंदकिशोर थबकले. सगळ्या फळ्या पांढऱ्या होत्या. फक्त खांद्यापासून ढोपरापर्यंतचा एक पट्टा स्वच्छ होता. कोणी पाठ टेकून उभं राहिल्यासारखा.

"झाडलं का इथं कोणी?" त्यांनी विचारलं. कोणी झाडलं नव्हतं. शूटिंगमध्ये कोणी काही झाडत नाही.

त्याच दुपारी अर्पिताने पेटीच्या आत माइक लावला आणि कपाळाला आठी घातली.

"सर, आत कोणी आहे का? काहीतरी चावल्याचा आवाज येतोय. बारीक. बडीशेप खातात ना, तसा."

"वाळवी असेल," नंदकिशोर म्हणाले. लवंगेचा वास त्यांना सकाळपासून येत होता. त्यांनी तो कोणाला सांगितला नाही.

अवधूतच्या भूमिकेत आयुष नावाचा नट होता, चांगला तिशीतला, नाटकं गाजवलेला. तो आरशांमागे गेला. काठी आपटली. नंदकिशोरांनीच कॅमेऱ्यामागून आवाज दिला, "अवधूत, आहेस का रे?"

"नाही!"

गोदाम दणाणलं. सुरभीने हात वर केले. "वा! काय टोन दिला यार! ओके!"

आयुष बाहेर आला, तेव्हा त्याचा रंग उतरला होता.

"मी नाही बोललो, मॅडम."

"नाटकं नको करू बे."

"खरंच सांगतो. मी लाइन विसरलो होतो. आठवेपर्यंत झालीच होती." तो नंदकिशोरांकडे वळला. "सर, तुमचे ते अवधूत... ते उंच होते काय?"

"तुझ्याएवढेच. का?"

"काही नाही. मानेवर वाफ आल्यासारखं वाटलं." आयुष घाम पुसत गाडीकडे गेला आणि ऊन लागलं असं सांगून घरी पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी तोच शॉट दुसऱ्या बाजूने घ्यायचा होता, आणि आयुषचा फोन बंद.

"चेहरा दिसणार नाहीये," सुरभी वैतागून म्हणाली. "फक्त आत मावणारा माणूस हवा."

नंदकिशोर उठले. अकरा किलो उतरल्यापासून त्यांना आरशात स्वतःच अवधूतच्या मापाचे दिसायला लागले होते. "मी जातो," ते म्हणाले.

"सर, जमेल तुम्हाला? गुदमरेल हो."

"दोन मिनिटांचं तर काम."

एकतीस वर्षांत ते पहिल्यांदाच आत शिरत होते. पाठीला फळी, नाकासमोर आरशाची काळी पाठ. अंधार लगेच उबदार झाला. माइकची वायर कोणीतरी आधीच काढून नेली होती. कोपर फळीला लागत होतं. बिचारा खोटं बोलत नव्हता.

जादूगाराचा आवाज आता कॅमेऱ्यासमोरचा नट देणार होता. बाहेर सुरभीचा आवाज लांबून आला. "ॲक्शन!"

काठी आपटली. "अवधूत, आहेस का रे?"

नंदकिशोरांनी तोंड उघडलं.

"नाही!"

त्यांचं तोंड उघडंच होतं. शब्द त्यातून गेला नव्हता.

दार उघडलं गेलं. आरशाच्या कडेने उजेडाची एक रेघ आली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दार लागलं. बाहेरची कडी पडली.

त्याच वेळी फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

"भगवानराव आले!" कोणीतरी ओरडलं. भगवानराव म्हणजे गोदामाचे मालक. त्यांनी ते फुकट दिलं होतं. खुर्च्या सरकल्या. "शाल कुठाय? नारळ आण रे! अर्पिता, माइक दे इकडे!" पावलं फाटकाकडे धावली. स्पीकरची शीळ वाजली. मग भगवानरावांचा आवाज, सावकाश, पोटातून येणारा. "आता आग्रहच हाय तं दोन शब्द बोलतो. पयले आभार..."

ठोठावावं. नंदकिशोरांनी मूठ वळली.

ती फळीपर्यंत गेली नाही. शेकडो प्रयोगांचा नियम होता, आणि तो त्यांनीच केला होता.

हवा पुरत नव्हती. कापसाचा एक तंतू ओठाला चिकटला, निघेना.

लवंगेचा वास आता अगदी जवळ होता.

"अवधूत," ते कुजबुजले. वर्षभर घोटलेला प्रश्न त्यांनी एका श्वासात विचारला. "मी बोलत होतो, तेव्हा तू होतास का रे?"

बाहेर नावं चालली होती. या साहेबांचे आभार, त्या ताईंचे आभार.

काहीतरी चावण्याचा बारीक आवाज थांबला.

"पुरं भासन आयकलं, नंदू. मंडपवाल्याचं नाव घेतलं तू. चहावाल्याचंबी घेतलं."

बाहेर टाळ्या झाल्या. भाषण संपलं नव्हतं.

"माहंच राह्यलं."

नंदकिशोरांनी अवधूतचं नाव घ्यायला तोंड उघडलं. बोलायला श्वास लागतो.

"जाऊ दे," डाव्या कानाशी उबदार वाफ आली. "जरासा सरक नं तिकडं. कोपर लागून राह्यलं."