धात्रीचा शेक आणि आजोबांची पोटरी

दिवेलागणीची वेळ झाली की धात्री आजोबांच्या खाटेपाशी येई, गुडघे मुडपून खाली वाके, खाटेखाली एकवार डोकावून पाही आणि काही एक न बोलता पुन्हा सरळ उभी राही. ती काय शोधते आहे, हे शाल्मलीला कळत नव्हते. खाटेखाली तिचीच शेकाची शेगडी आणि आजोबांच्या जुन्या वहाणा यांखेरीज काहीच नव्हते, आणि वहाणांशी एका यंत्रपरिचारिकेचे (रुग्णाची सेवा करणाऱ्या यंत्राचे) काय काम असणार?

शाल्मलीचे आजोबा, त्रिविक्रमशास्त्री देऊळगावकर, हे मोठे अश्मशास्त्रज्ञ (खडकांचा अभ्यास करणारे) होते. त्यांचे घर लोणारच्या विवराच्या काठावर होते. फार पूर्वी आकाशातून आलेल्या पाषाणाचा आघात होऊन काळ्या खडकात पडलेला तो प्रचंड खळगा. चंद्रावर तशा खळग्यांना गणती नाही. म्हणूनच तेथे नव्याने वसलेल्या संशोधन-वसाहतीने लोणारच्या या विद्वानाला सन्मानपूर्वक बोलावले होते. अट एकच होती. जाणाऱ्याने जमिनीवर मांडी घालून बसावे आणि हाताचा, भिंतीचा किंवा कोणाचाही आधार न घेता उठून दाखवावे.

आजन्म पाटावर बसून जेवलेल्या आजोबांना ती अट ऐकून हसू आले होते. पण पुढच्याच आठवड्यात विवराच्या उतारावर त्यांचा पाय घसरला आणि नडगीचे हाड मोडले. यथाकाळ हाड जुळले, प्लास्टर निघाले आणि पाहतात तो काय, उजवा पाय वाळक्या काकडीसारखा बारीक झालेला. ज्यांच्या नावाचा देव तीन पावलांत त्रैलोक्य व्यापतो, त्यांना खाटेपासून दारापर्यंत तीन पावले टाकता येईनात. परीक्षेचा दिवस तर जवळ येत चालला होता. आपण गेलो नाही तर त्या खडकांशी बोलणारे तेथे कोणी नाही, ही चिंता आजोबांना आतून कुरतडत होती.

म्हणून शाल्मलीच्या आईने सेवाकेंद्राला फोन केला. “अंगात त्राण नाही, पाय धरत नाहीत, शेक हवा आणि पौष्टिक खाणे हवे,” असे तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी धात्री दारात हजर झाली.

धात्री कामाला वाघीण होती. आल्या आल्या तिने आजोबांच्या डोक्याला व कानांना फडके बांधले, कानांत कापसाचे बोळे घातले. खाटेखाली धूर न करणारी विजेची शेगडी ठेवून तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी अळिवाची खीर. गार पाणी वर्ज्य, वारा वर्ज्य, उंबरठा ओलांडणे तर महापाप. ती आजोबांना ‘माउली’ म्हणे. संतांना शोभणारे हे संबोधन आपल्याला मिळते आहे, याने आजोबा संकोचत. पण मनातून सुखावतही असत.

“यंत्र असूनही केवढा विनय आहे पाहा,” ते शाल्मलीला म्हणाले. “आणि हिच्या शेकाने पायाची कळ अगदी गेली. पाय हलका वाटतो.”

“मग उभे राहून दाखवा,” शाल्मली म्हणाली.

आजोबा उभे राहू लागले. पाय लटपटला आणि ते बदकन खाटेवर बसले.

“पाय गरम आहे, लालसर दिसतो आहे, दुखतही नाही,” शाल्मली विचार करीत म्हणाली. “मग तो तुम्हाला धरत का नाही?”

इतक्यात दिवेलागण झाली आणि धात्रीने नित्याप्रमाणे खाटेखाली डोकावून पाहिले. आता मात्र शाल्मलीला राहवले नाही.

“धात्री, तू रोज खाली काय बघतेस?”

धात्रीने तिला बाजूला घेतले आणि आवाज उतरवून विचारले, “माउलीला वाईट वाटेल म्हणून आजवर बोलले नाही. बाळ कुठे आहे?”

“कोणाचे बाळ?”

“माउलीचे.”

शाल्मलीने आजोबांकडे पाहिले. बांधलेले कान, ओव्याचा वास, हातातला अर्धा लाडू. एका क्षणात सारा उलगडा झाला आणि ती पोट धरून खालीच बसली.

“तू याआधी कुठे होतीस, धात्री?”

“सूतिकागृहात. तेथे माझ्या हाताखाली शेकडो माउल्या ठणठणीत झाल्या.”

आजोबांच्या हातातला लाडू तोंडापर्यंत पोचलाच नाही. “म्हणजे गेले आठवडाभर मी बाळंतीण आहे?”

“आपले पहिलेच बाळंतपण असावे, असा माझा कयास होता,” धात्री आदराने म्हणाली. “आपण फार घाबरलेल्या दिसत होता.”

“अगं, पण माझ्या मिशा तुला दिसल्या नाहीत?”

“माउलीच्या रूपाविषयी बोलायचे नाही, हा आमच्या सूतिकागृहाचा पहिला नियम आहे.”

आजोबा एवढे हसले की कानांतले बोळे बाहेर पडले. हसू ओसरल्यावर मात्र त्यांचा चेहरा गंभीर झाला. “शेकण्यात आठवडा गेला, शाल्मली. आणि तुझे कोडे तसेच राहिले. शेकाने पायाला सुख होते हे खोटे नाही. मग बळ का येत नाही?”

धात्रीच्या डोळ्यांत एक विलक्षण सोय होती. अंगातली उष्णता आणि रक्ताचा ओघ तिला दिसत असे, आणि दिसेल ते ती समोरच्या भिंतीवर चित्ररूपाने उमटवीत असे. शाल्मलीच्या सांगण्यावरून तिने आजोबांचे दोन्ही पाय भिंतीवर उमटवले आणि उजव्या पोटरीवर आपला ऊबदार तळवा ठेवला. थोड्या वेळाने चित्रातल्या तांबड्या रेघा हळूहळू रुंदावू लागल्या.

“या रोहिण्या,” आजोबा सांगू लागले. “हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या म्हणजे रोहिण्या. ऊब लागली की त्या सैलावतात. वाट रुंद झाली की रक्त अधिक येते. सोबत प्राणवायू आणि अन्नरस आणते. आखडलेले स्नायू मऊ पडतात. म्हणून कळ थांबते आणि कातडी लालसर दिसते.”

“आणि या निळ्या रेघा?”

“या नीला, रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नळ्या. रक्ताला पायात उतरणे सोपे, वर चढणे अवघड. विहिरीतून पाणी वर आणायचे तर कोणी तरी ओढावे लागतेच की.”

“पायात कोण ओढणार?”

आजोबा खाटेवर पुढे सरकले. मग त्यांनी खाटेची कड घट्ट धरली, जमेल तितका भार पायांवर घेतला आणि टाचा उचलल्या. पोटरी आवळली गेली, आणि भिंतीवर निळी धार सर्रकन वर उसळली. टाचा टेकल्या तरी धार खाली आली नाही.

“खाली का नाही आली?” शाल्मलीने विचारले.

“नीलांमध्ये झडपा असतात (एकाच बाजूला उघडणारी इवलीशी दारे). वर गेलेल्याला त्या मागे फिरू देत नाहीत. पोटरी दाबते, झडप राखते.”

“पुन्हा करा ना, आजोबा.”

आजोबांनी पुन्हा केले. धार पुन्हा उसळली.

“अजून एकदा.”

“मी काय पिचकारी आहे?” आजोबा धापा टाकीत म्हणाले आणि स्वतःच चमकले. “खरेच की. पोटरी ही रक्ताची पिचकारीच आहे. नुसते बसून राहिलो तर ती दाबणार कोण?”

शाल्मली भिंतीकडे पाहत राहिली. डावी पोटरी भरलेली होती, उजवी रोड. “पण उजवी एवढी बारीक का झाली? रक्त तर तिलाही मिळत होते.”

“शरीर हा फार काटकसरी कारभारी आहे,” आजोबा म्हणाले. “ज्या स्नायूला काम नाही, त्याचा शिधा तो कमी करतो. प्लास्टरमध्ये माझी पोटरी निजून होती. कारभाऱ्याने तिला रोड केले. उलट स्नायूवर झेपेल इतका भार घातला की त्याच्या तंतूंना (बारीक धाग्यांना) किंचित ताण बसतो, आणि कारभारी ते धागे अधिक मजबूत विणून देतो. मात्र अन्न हवे आणि विश्रांतीही हवी.”

“म्हणजे शेकाने वाट रुंद होते, डिंकाच्या लाडवाने शिधा येतो,” शाल्मली सावकाश म्हणाली, “पण काम आहे, असा निरोपच कोणी कारभाऱ्याला देत नव्हते.”

आजोबांनी तिच्याकडे असे पाहिले की जणू एखाद्या दगडात त्यांना हिरा सापडला असावा.

धात्री पुढे झाली. “मग मी केलेला शेक व्यर्थ गेला?” तिने विचारले, आणि यंत्राचा स्वर खिन्न होऊ शकतो, हे शाल्मलीला प्रथमच कळले.

“मुळीच नाही,” आजोबा म्हणाले. “तू अर्धे काम उत्तम केलेस. उरलेले अर्धे माझे.”

प्लास्टर काढणाऱ्या डॉक्टरांना विचारले तेव्हा ते चकित झाले. “मी चालायलाच सांगितले होते. शेक द्या, पण सोसेल इतकाच. नव्या दुखापतीवर किंवा सुजेवर नको, आणि कातडी बधिर असेल तर मुळीच नको, कारण पोळले तरी समजत नाही. पाणी भरपूर प्यावे.”

दुसऱ्या दिवसापासून नवा क्रम सुरू झाला. आधी थोडा शेक, मग टाचा उचलणे, मग खुर्चीवरून उठणे, आणि पुढे विवराच्या काठावरून फेरफटका. आजोबांचे चित्त रमावे म्हणून धात्रीने गाणे म्हणायचे ठरवले. तिला येत होते ते फक्त पाळणे. पहिल्याच दिवशी आजोबा टाचा उचलता उचलता उभ्याने डुलक्या घेऊ लागले.

“हे चालायचे नाही,” शाल्मली म्हणाली. “धात्री, तेच गाणे घाईत म्हण.”

तेव्हापासून देऊळगावकरांच्या घरातून रोज सकाळी दुडक्या चालीवर धावणारा पाळणा ऐकू येई, आणि त्याच्या ठेक्यावर एक वयोवृद्ध शास्त्री खाली-वर होत असे. रस्त्याने जाणारे थबकत. आजोबा त्यांना खिडकीतूनच नमस्कार करीत. टाचा मात्र थांबवीत नसत. काही दिवस पोटऱ्या ठणकल्या. काही दिवस आजोबा चिडले. “मला चंद्र नको, मला माझी खाट द्या,” असेही एकदा म्हणाले. शाल्मलीने त्यांना पाणी दिले, आणि थोडे थांबून ते पुन्हा उठले.

परीक्षेच्या दिवशी वसाहतीच्या वैद्य डॉक्टर नसीमा बागवान आल्या. त्यांनी ओसरीवर सतरंजी अंथरायला सांगितली. आजोबा मांडी घालून बसले, हात छातीशी घेतले आणि पुढे झुकले. अर्धे उठले असतील नसतील, तोच उजवा पाय थरथरू लागला.

माणूस लटपटला की धरायचे, एवढीच गोष्ट धात्रीच्या अंगात सर्वांत खोल भिनलेली होती. तिचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. शाल्मलीने तिचे मनगट पकडले. “हात लावलास तर ते नापास होतील,” ती कुजबुजली.

“पडले तर?”

“पडले तर पुढच्या वेळी उठतील. तू धरलेस तर आता कधीच नाही.”

धात्रीने हात मागे घेतले आणि पाठीमागे एकमेकांत घट्ट गुंफले. आजोबांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि थरथरता पाय जमिनीत रोवला. पोटरीचा गोळा धोतराच्या काठाखाली टरारून वर आला. पुढच्या क्षणी ते सरळ उभे होते.

“झाले,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण शास्त्रीबुवा, खरी कसोटी पुढेच आहे. चंद्रावर आपले वजन येथल्या सहाव्या हिश्शाएवढे भरते. स्नायूंना काम कमी पडले की शरीर ते लगेच रोड करते. तेथे रोज व्यायाम करावा लागतो.”

“त्याची काळजी नको,” धात्री पुढे होऊन म्हणाली. “मी सोबत येणार आहे. पण डॉक्टरबाई, आपण मघापासून खुर्चीतच बसून आहात. उठावे.”

डॉक्टरबाईंनी आजोबांकडे पाहिले. आजोबांनी हताशपणे मान हलवली. शाल्मलीने आधीच टाचा उचलल्या होत्या. अखेर त्याही उठल्या आणि तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“तेथे पुढे मुले जन्मतील,” टाचा उचलता उचलता त्या म्हणाल्या. “पृथ्वीचा भार त्यांनी कधी पेललेलाच नसेल. ती येथे येतील तेव्हा त्यांना पायांवर कोण उभे करील, याचे उत्तर अजून आम्हाला सापडलेले नाही.”

“मी शोधते,” शाल्मली म्हणाली.

कोणी हसले नाही. धात्रीने गळा साफ केल्यासारखा आवाज केला आणि पाळणा सुरू केला, घाईतला.