खापर मिरीवर

तो औषधांच्या दुकानात शिरला आणि थेट वजनकाट्यावर आदळला. काटा चांगला कमरेएवढा, लालभडक, वर्षानुवर्षं दाराशी उभा. "माफ करा हं," तो म्हणाला... आणि तेही काट्याला!

"त्याला लागलेलं नाही," काउंटरमागची फार्मासिस्ट हसू दाबत म्हणाली. "तुम्हाला?"

"नाही... म्हणजे, मला दोन दिसले. मधून जायला गेलो."

त्याने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. फीट येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या होत्या. ती वाचेपर्यंत तो खाली मान घालून उभा राहिला, जणू चोरीच पकडली गेली होती. मग त्याने वर पाहिलं. डोळे छान आहेत, हे तिच्या लक्षात आलं, आणि ते आपल्या लक्षात का यावं, याचं तिला नवल वाटलं.

तिला नवल वाटायला फार काही लागत नसे. दुकानाचे मालक तिला 'चौकशीबाई'च म्हणत. खोकल्याचं औषध न्यायला आलेलं गिऱ्हाईक तिला आपल्या मांजराचं नावसुद्धा सांगून जायचं.

तो मग येतच राहिला. कधी साबण, कधी मलमपट्टी, कधी कापूस. एवढ्या कापसाचं हा करतो काय, असं मालककाका मिशीतल्या मिशीत हसत विचारत, आणि ती उगाच कपाटं पुसायला लागे.

"तुम्ही काउंटरला का धरून उभे राहता?" एकदा तिने विचारलंच.

"चक्कर येते. तुम्ही समोर असलात की... जरा जास्तच."

तिचे कान तापले. दुसरी एखादी असती तर लाजून आत पळाली असती. ही मात्र लाजता लाजताच त्याच्याकडे निरखून पाहू लागली. हात कापत होता. पाय लटपटत होते. त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढलं की अगदी असंच होतं, हे ती शिकली होती.

"गोळी चुकून दोनदा घेता का हो?"

"छे! उलट आई रडकुंडीला आलीय, आजार वाढला म्हणून. नवी नोकरी लागलीय, तीही जाईल... म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळतोय."

"कसली नोकरी?"

"मसाल्याच्या गोदामात. मिरीची पारख करतो. प्रत्येक पोत्यातले दाणे चावून बघायचे."

"आणि मग थुंकायचे?"

"बाकीचे थुंकतात. मी गिळतो. घशात उतरल्याशिवाय खरी चव कळत नाही ना!" तो अभिमानाने म्हणाला.

तिने कपाळाला हात लावला. "अहो पारखी, तिथेच घोळ आहे! गोळीतलं काही औषध आतडं परत पाठवतं, काही यकृत मोडून टाकतं. डॉक्टर ते धरूनच डोस ठरवतात. मिरीत पिपरीन असतं, तिखटपणा आणतं ते. ते या दोघांनाही ढिलं पाडतं. जेवणातल्या चिमूटभर मिरीचं सहसा काही नाही, पण तुम्ही तर मुठी रिचवताय! गोळी तेवढीच, पण रक्तात औषध जास्त जात असणार."

"मग गोळी अर्धी करू?"

"अजिबात नाही! गोळीला हात लावायचा नाही. आजच डॉक्टरांकडे जा, मिरीचं सगळं सांगा, रक्त तपासून घ्या. आणि दाणे गिळणं बंद."

तो हिरमुसला. "म्हणजे ही चक्कर मिरीची? सगळी?"

"बहुतेक," ती म्हणाली. माणूस बरा व्हावा, असं तिला मनापासून वाटत होतं. पण बरा झाल्यावर चकरेबरोबर तोही गेला तर?

त्यानंतर कित्येक दिवस तो आलाच नाही. दाराची घंटी वाजली की ती मान वर करी, आणि पावडर मागणाऱ्या आजींकडे पाहून उसनं हसे.

मग एका दुपारी, बाहेर भुरभुर पाऊस असताना, तो आला. सरळ चालत, केस ओले, हात स्थिर.

"रक्तात औषध फारच वाढलं होतं," तो म्हणाला. "आता उतरलंय. डोस तोच ठेवलाय. साहेबांनी मला वेलदोड्यांवर घातलं. नोकरी शाबूत आहे."

"छान झालं... गोळ्या देऊ?"

"आहेत."

"मग कापूस?"

"गादी भरेल एवढा आहे."

"मग आलात कशाला?" तिचा आवाज नको तेवढा हळू निघाला.

"एक सांगायला. आधीच सांगणार होतो, पण चक्कर येत असताना सांगितलं असतं, तर तुम्ही त्याचंही खापर मिरीवर फोडलं असतं." त्याने श्वास घेतला. "आता चक्कर नाही, आणि तरी तुमची आठवण जात नाही. तुम्ही मला आवडता. माझी गोळी मात्र कदाचित जन्मभर चालेल... ते तुम्हाला ठाऊकच आहे."

तिने सवयीप्रमाणे प्रश्नच केला. "रोज गोळीची आठवण कोण करतं?"

"ताई. पण तिचं लग्न ठरलंय. ती आता सासरी जाईल."

"अस्सं," ती म्हणाली, आणि या वेळी तिने हसू दाबलं नाही. "मग त्या जागेसाठी माझं नाव लिहून घ्या."