गोरेगावचे हॅकिंग मंडळ

रत्नपालने गोंदियाजवळच्या गोरेगावात समाजमंदिराच्या भिंतीवर ड्रॉइंग शीट चिकटवला आणि मागे सरून, मान वाकडी करून पाहिलं. निळ्या स्केचपेनने ठसठशीत लिहिलं होतं : 'हॅकिंग माहिती मंडळ, गोरेगाव. तुमच्या कॉम्प्युटरचं, ई-मेलचं किंवा मोबाइलचं काही विचित्र झालं असेल, तर आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी इथे येऊन सांगा. ज्याला जे माहीत असेल ते त्याने सगळ्यांना सांगावं.'

"काय बे," गल्लीतला मित्र हेमेंद्र म्हणाला, "लोकाईले वाटंल आपण चोऱ्या शिकवून राहिलो."

"चोर कुठून येते ते माहीत असलं तं कडी कुठं लावाची ते समजते," रत्नपाल म्हणाला. "एकाले एक माहीत असते, दुसऱ्याले दुसरं. समदं एका जागी आणलं तं कोणीच फसत नाही."

शेजारी उभ्या साक्षीला ते पटलं, पण डोक्यातला गुंता काही सुटला नाही. २००९ सालची ही उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून ती 'हॅकिंग' हा शब्द ऐकत होती आणि प्रत्येकाचा हॅकर वेगळाच निघत होता. हेमेंद्रचा हॅकर काळा चष्मा लावून परदेशात बसायचा. पानठेल्यावरच्या लोकांचा हॅकर तारेतून यायचा, म्हणून ते झोपताना वायर काढून ठेवायला सांगत. रत्नपालचा हॅकर तर कुठेही असू शकत होता. अगदी शेजारच्या घरात.

रत्नपाल साक्षीचा मावसभाऊ, जंगलाजवळच्या दरेकशा गावचा. मे महिना म्हणजे विडीसाठी लागणारा तेंदूपत्ता तोडायचा हंगाम. त्याचे आईबाबा पहाटेच जंगलात जात, म्हणून तो सुट्टीत गोरेगावला साक्षीकडे आला होता. येऊन बघतो तर घराच्या मागच्या गल्लीत केवलरामकाकांचं नेट कॅफे! मग काय, तो जेवायला तेवढा घरी यायचा.

पाटी लावून तिघे घरी पोहोचतात तोच हेमेंद्रची मोठी बहीण दुर्गेश्वरी समोरून आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

दुर्गेश्वरीला नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. तसं पत्र तिला ई-मेलने आलं होतं. घरात पेढे वाटून झाले होते, पेटीसुद्धा भरायला घेतली होती. आज होस्टेलची चौकशी करायला तिने कॉलेजात फोन केला, तर तिथल्या बाईंनी सांगितलं की तुम्हीच तर येणार नाही म्हणून कळवलंत! धावत कॅफेत जाऊन तिने आपली मेल उघडली. खरंच, तिच्याच पत्त्यावरून इंग्रजीत एक ओळ गेली होती : 'मुलगी येणार नाही.' तिने ती लिहिली नव्हती. कॉलेजच्या बाई म्हणाल्या, पत्र तुमच्या पत्त्यावरून आलं आहे; ते दुसऱ्या कोणी पाठवलं असेल तर त्याचं लेखी आणा, नाहीतर सोमवारी जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला देऊ.

"हॅक झालं," हेमेंद्र पुटपुटला.

साक्षी मात्र त्या ओळीपाशीच अडली. हॅकर असला तरी तो दुर्गेश्वरी बनून लिहीत होता ना? मग 'मी येणार नाही' असं लिहील. 'मुलगी' कशाला म्हणेल?

तिला विचार करायला वेळच मिळाला नाही. तासाभरात केवलरामकाका घरी आले आणि साक्षीच्या आईसमोर, अल्काबाईंसमोर, खुर्ची ओढून बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गोरेगावात आजवर असलं काही घडलं नव्हतं. हा पोरगा आला, दिवसभर कॅफेत बसला, भिंतीवर हॅकिंगची पाटी लावली आणि लगेच एका मुलीचं नुकसान झालं.

"आता याले माह्या कॅफेची पायरी चढू देत नाही," काका म्हणाले. "तुमी याले घरी धाडून द्या, बाई. उद्या पोलीस आले तं कोन जबाबदार?"

रत्नपालने मान खाली घातली. त्याचे कान तेवढे लाल झाले. अल्काबाईंनी काकांना चहा दिला, त्यांना दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन इतकंच सांगितलं की बाजार झाला की दुसऱ्या सकाळी त्याला गोंदियाहून दरेकशाच्या गाडीत बसवून देईन.

"पण त्यानं काही केलं नाही, आई," साक्षी म्हणाली.

"मले माहीत आहे. पण कोणं केलं ते तुले तरी माहीत आहे का?"

ते साक्षीला माहीत नव्हतं. म्हणून बाजाराच्या दिवशी, लोक पिशव्या घेऊन निघाले तेव्हा, ती एकटीच कॅफेत गेली. रत्नपालला बंदी होती, तिला नव्हती. तिचीही मेल होती. मागच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या वेळी केवलरामकाकांनीच ती काढून दिली होती. तिने ठरवलं, आपल्याही मेलमध्ये कोणी शिरलंय का ते बघायचं.

कुलर घुर्रघुर्र करत होता. तिने खुर्ची पुढे ओढली, पासवर्ड टाकला आणि बटण दाबलं. सगळ्यात वरची मेल उघडली, तर पडदा भरून एक फोटो आला. समुद्राच्या काठावर पिवळ्या फ्रॉकमधली एक चिमुरडी, तोंडात बोट.

साक्षीच्या ओळखीत असं बाळ नव्हतं. समुद्र तर तिने पाहिलाच नव्हता. तिने वर नजर टाकली. वर कोणाचं तरी दुसरंच नाव होतं. ही तिची मेल नव्हतीच!

तिने घाईघाईने सगळं बंद केलं आणि बाहेर येऊन उन्हात उभी राहिली. तिने काहीच वेगळं केलं नव्हतं. स्वतःचा पासवर्ड टाकला होता, बस. तरी दुसऱ्याचं दार उघडलं. म्हणजे तीच हॅकर होती की काय? माणूस न कळता हॅकर होतो का, सर्दी होते तसा? आणि तसं असेल, तर दुर्गेश्वरीची ती ओळही तिच्याच हातून गेली असेल का? गेल्या आठवड्यात ती कॅफेत आली तर होतीच. दुपारच्या जेवणात तिने भातात वरण घ्यायचं सोडून पाणी ओतलं. आईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

संध्याकाळी समाजमंदिरात मंडळाला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक जमले. निम्मे गंमत बघायला आले होते. केवलरामकाकाही आले आणि हाताची घडी घालून दारात उभे राहिले. रत्नपाल हिरमुसलेला होता, पण उभा राहिला. कोणी सांगितलं, मोबाइलवर लॉटरी लागली म्हणून फोन आला आणि नंतर बॅलन्सच उडाला. कोणी म्हणे, मेल उघडली की आधीच कोणीतरी वाचून गेलेलं असतं. कोणाच्या मेलमध्ये भलत्यालाच पाठवलेलं पत्र सापडलं होतं. रत्नपाल प्रत्येकाला एकच विचारत होता, कुठे बसून उघडलं? लॉटरीवाला सोडला तर उत्तर दर वेळी एकच येत होतं : काकांच्या कॅफेत. दारातली हाताची घडी जरा सैल झाली.

मग बाजारातून थेट आलेल्या रुख्माबाई उठल्या. त्यांच्या टोपलीत अजून थोडी टेंभरं, तेंदूची पिवळी फळं, उरली होती. त्यांचा मुलगा विशाखापट्टणला कामाला होता आणि नातीचे फोटो मेलने पाठवायचा. रुख्माबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण पासवर्डाची अक्षरं त्या एकेक बोटाने न चुकता दाबायच्या आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

"फोटो येते जी," त्या म्हणाल्या, "पण माह्या आंधी कोणी पाहून घेते. दुपारी कॅफेत गेली तं आजचा बी पायलेला. पिवळ्या फराकातला."

साक्षीने तो फोटो लगेच ओळखला. गप्प बसता आलं असतं. कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. पण पुढच्याच रांगेत दुर्गेश्वरी बसली होती, आणि रत्नपालची पिशवी घरी दाराशी भरून ठेवली होती.

"आजी, तो मी पाहिला," ती उभी राहून म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. साक्षीने अडखळत सगळं सांगितलं. रुख्माबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"तुले माहा पासवर्ड कोणं सांगितला, पोरी?"

"तुमचा नाही जी. मी माहा टाकला."

"असं कसं होईन? इकडं ये. माह्या कानात सांग बरं तुहा."

साक्षीने त्यांच्या कानात सांगितला. रुख्माबाईंचं तोंड उघडं पडलं.

"हा तं माहा होय! केवलरामनं मले कानात सांगितला होता, कोणालेच सांगू नोको मनून. मी पोराले बी नाही सांगितला."

हेमेंद्र उठला आणि त्याने साक्षीच्या तोंडाशी कान नेला. ऐकलं आणि मटकन खाली बसला. मग दुर्गेश्वरीने कान पुढे केला. मग मागच्या रांगेतल्या एका काकांनी. जो ऐकायचा तो आधी साक्षीकडे बघायचा आणि मग दाराकडे. थोड्या वेळाने सगळं समाजमंदिर दाराकडे बघत होतं.

"लोक विसरून जाते," केवलरामकाका हळू आवाजात म्हणाले. "रोज कोणी ना कोणी दारात, काका पासवर्ड विसरलो, काका मेल उघडून द्या. मनून मी समद्याईले एकच ठेवून देला. कोणी अडू नये, एवढंच. आन् मी प्रत्येकाले सांगतलं होतं, कोणाले सांगू नका."

आणि नेमकं तेच झालं होतं. सगळ्यांनी काकांचं ऐकलं. कोणीच कोणाला सांगितलं नाही, म्हणून कोणालाच कळलं नाही.

"आन् मेल उघडाच्या वरच्या खोक्यात आंधीच्या माणसाचा पत्ता तसाच राहते," रत्नपाल एकदम म्हणाला. त्याचा आवाज आता नेहमीसारखा झाला होता. "आपण वरचं पाहत नाही, नुसता पासवर्ड टाकतो. त्याचंच दार उघडते. हॅकर कोणीच नाही बे!"

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले दवनीवाड्याचे श्यामलाल हळूच उठले. बाजाराला आले होते आणि ओळखीच्यांबरोबर इथे आले होते. टोपी हातात घेऊन त्यांनी विचारलं की ते कॉलेज नागपूरचं का, नर्सिंगचं?

दुर्गेश्वरीने मान हलवली.

"माह्या पोरीले बी तिथून पत्र आलं होतं," श्यामलाल म्हणाले. "पण तिले भंडाऱ्याले भेटलं. मनून मी कॅफेत येऊन लिवलं का पोरगी येनार नाही. पत्रावर नाव कोणाचं नव्हतं, कॉलेजचं पाहून मले वाटलं आपलंच होय..." ते थांबले आणि दुर्गेश्वरीकडे बघत राहिले. "माय, मी तुह्या दारातून बोललो का?"

कोणी हसलं नाही. दुर्गेश्वरीच रडत रडत हसली.

सोमवारी पहाटेच्या एसटीने तिच्याबरोबर दोन माणसं नागपूरला गेली. श्यामलालांनी कॉलेजात लेखी दिलं की नकार त्यांच्या मुलीचा होता. केवलरामकाकांनी पासवर्डाची हकीकत लेखी दिली. देताना त्यांचा घाम निघाला, पण दिली. कॉलेजच्या बाईंनी नोंद बघितली, तर श्यामलालांच्या मुलीची जागा अजून तिच्याच नावावर अडून होती. ती जागा पुढच्या मुलीला मिळाली, आणि दुर्गेश्वरीला तिची स्वतःची.

रत्नपाल दरेकशाला गेला नाही. अल्काबाईंनी त्याची पिशवी स्वतः रिकामी केली आणि शर्टाच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "मंडळ चालू ठेवा. फक्त मले पण सांगत जा, मी बी शिकंन." भिंतीवर नवा शीट लागला. लॉटरीच्या फोनवाल्याने स्वतःचा किस्सा स्वतः लिहून दिला. वरचा पत्ता आधी बघा, हे वाक्य तर हेमेंद्रने बाजारात ओरडून ओरडून सांगितलं.

कॅफेत दोन दिवस रांग होती. केवलरामकाका भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसले होते आणि एकेक जण आपला पासवर्ड आपण ठरवत होता. कसा ठरवायचा ते समजावून द्यायला मंडळ होतं, पण अक्षरं दाबायची वेळ आली की मंडळही पाठ फिरवायचं.

रुख्माबाईंना सगळ्यांत जास्त वेळ लागला. एकेक बोट उचलत, ओठ हलवत त्यांनी अक्षरं दाबली. पडदा उघडला. पिवळ्या फ्रॉकमधली नात आली. रुख्माबाईंनी साक्षीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"समद्या गावात तूच एक खरं बोलली, पोरी," त्या म्हणाल्या. "तू आपली आहेस. तुले सांगाले काही हरकत नाही. इकडं कान कर, मी कोणता ठेवला ते सांगतो..."

साक्षीने दोन्ही कान गच्च दाबले आणि कॅफेबाहेर धूम ठोकली.