हौसाबाईंची टाळू

पडद्यावर हौसाबाई म्हेत्रे यांची काळी छाया आडवी झाली होती. गळा काळाठिक्कर, छाती काळी, पोट काळं. फक्त माथ्यावर एक ठिपका कंदिलासारखा जळत होता.

तो विझायला हवा होता. सोलापूरच्या अणुवैद्यक केंद्रात आठ दिवसांपूर्वी हौसाबाईंना ओळखबाण नावाचं औषध पाजलं होतं. दिसायला पेलाभर पाणी, पण माथ्यातल्या गाठीत शिरून तिला आतून जाळणारं. गाठ जळली तर नाहीच, वर पाव बोट वाढली.

"मशीन बिघडलं असेल," डॉ. मुक्ता हंचाटे म्हणाली.

"मशीनला नावं ठेवू नका," डॉ. इरफान पटवेगार म्हणाले. बाण त्यांनीच घडवलेला, मशीनही त्यांचंच, तेव्हा झोंबणारच.

हौसाबाई तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. एकसष्ट वर्षांचं वय, ताठ कणा. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घातलं होतं. ही डॉक्टरीण मुक्तासुद्धा त्यांच्याच पायांवर पालथी पडून रडलेली.

"माझ्याबद्दल बोलताय तर मला कळेल असं तरी बोला," त्या म्हणाल्या. "मी काय खाटेचा खूर आहे?"

मुक्ता वरमली. "मावशी, अठरा वर्षांपूर्वी तुमच्या गळ्यातली ग्रंथी काढली. साधी गाठ म्हणाले होते. ती साधी नव्हती. तिच्यातल्या थोड्या पेशी आधीच रक्तातून निघून डोक्याच्या हाडात जाऊन राहिल्या होत्या. गळ्याच्या पेशीला मिठातलं आयोडीन लागतं. ती कुठेही बिऱ्हाड करो, आयोडीन पिते आणि गळ्याचंच काम करते. अंगाला ऊब देणारा रस बनवते. म्हणून तर सहा वर्षं त्या रसाच्या गोळ्या न घेताही तुमचं चाललं."

"टाकून दिल्या गोळ्या. पहाटे थंड पाण्यानं आंघोळ करते मी. तू करून दाखव."

"त्या गाठीनंच तुम्हाला सांभाळलं, मावशी. पण आता ती हाड खाऊन मेंदूकडे निघालीय. चार महिने. फार तर पाच."

"गाठ गाठ काय लावलंयस? टाळू आहे ती." हौसाबाईंनी मुक्ताचा हात धरून पदराखाली आपल्या माथ्यावर ठेवला. "बघ."

तळव्याखाली हाड नव्हतं. मऊ, कोमट, तेलकट काहीतरी होतं आणि ते उडत होतं. थेट अंगावरच्या बाळाची टाळू उडते तसं. मुक्ताने हात झटकन काढून घेतला.

दुसरी कुणी असती तर पहिल्याच महिन्यात डॉक्टरकडे धावली असती. पण ह्या हातांखाली गावातल्या निम्म्या टाळू भरून आलेल्या. ही पण भरेल, म्हणून दोन वर्षं रोज सकाळी हौसाबाई तिच्यावर तेल जिरवत बसल्या. उघडी टाळू कोरडी ठेवतात का कुणी?

"ठोका तुमच्याच हृदयाचा आहे, बाई," पटवेगार समजावत म्हणाले. "गाठीत रक्त उसळतं आणि मधलं हाड गेलं, म्हणून हाताला लागतो."

"असेल," हौसाबाई म्हणाल्या.

पटवेगारांनी गाठीचा कण तपासायला घेतला. दोन दिवसांनी पुन्हा दोघींना बोलावलं तेव्हा ते उभेच होते.

"बाणाला कुलूप असतं," ते म्हणाले. "रोग्याची पेशीमुद्रा, म्हणजे पेशींची जन्मजात ओळख, जुळली तरच ते उघडतं आणि जाळ बाहेर पडतो. चुकून दुसऱ्याच्या अंगात गेला तर बाण मुका राहतो. ही गाठ बाण पोटभर प्यायली, पण कुलूप उघडलं नाही. कारण गाठ यांची नाही."

"म्हणजे?" मुक्ताने विचारलं.

"मुद्रा निम्मी यांची, निम्मी परक्याची. आणि पेशी पुरुषाच्या आहेत."

"नमुने बदलले असतील."

"तीनदा केलं." त्यांनी चष्मा काढला. "गरोदरपणी बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. बहुतेक मरतात, काही जन्मभर राहतात. जिथे राहतील तिथलं काम शिकतात. एखादी गळ्यात राहिली आणि गळाच झाली. पुढे तीच बिघडली, तीच डोक्यात गेली."

"पण मावशींना मूल नाही."

"होतं," हौसाबाई म्हणाल्या.

पटवेगारांनी काढलेला चष्मा पुन्हा चढवला.

"अडतीस वर्षं झाली. आठ दिवस टाळू भरली. नवव्या दिवशी सकाळी तेलाची वाटी घेऊन बसले, तर टाळू हलेना." त्यांचा हात पदराखाली गेला आणि तिथेच राहिला. "ठोका माझा म्हणता ना, डाक्टर? पोटात होता तेव्हा तरी त्याचं काय वेगळं होतं?"

पटवेगार कामाचं बोलले. मुलाच्या मुद्रेवर दुसरा बाण घडवता येईल, गाठ नक्की जळेल. पण नाव नोंदवल्याशिवाय कुणाच्याही मुद्रेवर बाण घडवायला कायद्याने बंदी होती. नाहीतर उठेल तो शेजाऱ्याच्या नावाने बाण घडवेल. मुलाचं नाव हवं, आणि आईचा अंगठा.

"नाव बाराव्याला ठेवतात," हौसाबाई म्हणाल्या. "आता ठेवायचं, ते मारायला?"

त्या उठून घरी गेल्या. दहा दिवस फिरकल्या नाहीत. मुक्ताने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा शिव्या खाल्ल्या.

अकराव्या दिवशी आल्या त्या तेलाची वाटी घेऊन. स्टुलावर बसून पदर खाली घेतला आणि सावकाश, कडेकडेने तेल जिरवलं.

"मुक्ते, इकडे ये. त्याला आत्या नाही. तू हो."

"नाव काय ठेवायचं?"

"आत्या ठेवते नाव. मला काय विचारतेस?"

"आणि... सांगू कुठे?"

"माझ्याच कानात सांग. पोहोचेल."

मुक्ता वाकली. "कुर्रर्र," ती म्हणाली, आणि मग एक नाव. पटवेगारांनी ते यंत्रात भरलं. भास्कर हौसाबाई म्हेत्रे. हौसाबाईंनी अंगठा टेकवला, यंत्राने नवा बाण घडवला आणि त्यांनी पेला एका दमात रिकामा केला.

आठव्या दिवशी पडदा माथ्यापासून पायापर्यंत काळा होता. मुक्ताने गोळ्यांची पुडी हातात दिली आणि बजावलं, "आता रोज एक. चुकवायची नाही."

दीड महिन्याने, ऐन मे महिन्यात, चव्वेचाळीस अंश उन्हात, हौसाबाई कानटोपी आणि स्वेटर घालून केंद्रात आल्या. रिक्षावाला हसला असणारच. चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता, स्टुलापर्यंत पोहोचायला दोनदा थांबल्या. टोपी काढली तर माथ्यावर तेल होतं. खालचा खळगा निपचित होता.

त्यांनी पुडी टेबलावर ठेवली. एकही गोळी कमी झालेली नव्हती.

"मावशी! जीव जाईल तुमचा! का नाही घेतल्या?"

"आधी बघायचं होतं," हौसाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे दात वाजत होते, "एवढी वर्षं तो मला किती ऊब देत होता ते."

मग त्यांनी हात पुढे केला.

"बघितलं. आण आता ती गोळी. आणि पाणी कोमट दे."