उसने हात

राजघराण्यातल्या बायका चित्रकारासमोर बसतात त्या चेहऱ्यापुरत्या. चेहरा उतरला की उठून जातात. मग झगा लाकडी पुतळ्यावर चढवून रंगवायचा आणि हात कुणातरी दासीचे उसने घ्यायचे, ही सगळीकडची रीत. लिस्बनच्या राजवाड्यात स्पेनच्या राजाला दाखवण्यासाठी राजकन्या लिओनोरचं चित्र चाललं होतं, तेव्हा नेमकी दासी तापाने फणफणली. चित्र काढणारी ब्रिआंदा चाळिशी उलटलेली, लिओनोरला लहानपणापासून चित्रकला शिकवणारी. तिने फारसा विचार केला नाही. उजवा हात कुंचल्यात गुंतलेला, म्हणून तिने आपला डावाच दोनदा रंगवला, एकदा सरळ बघून आणि एकदा आरशात बघून. नखांतला रंग तेवढा गाळला.

कुणाला पत्ता लागला नाही. लिओनोरने मात्र पाहताक्षणी ओळखलं आणि तिची हसता हसता मुरकुंडी वळली.

"बाई, हे तर तुमचे हात! राजेसाहेबांची फसगतच झाली म्हणायची."

"गप्प बस. एवढी घोडी झालीस, उद्या राणी होशील."

"झाले तरी तुम्ही यायचं हं माझ्याबरोबर. तिथे मला कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

चित्र स्पेनला गेलं. राजाला मुलगी पसंत पडली. त्याच्या वतीने एक सरदार उभा राहिला आणि लग्नही लागलं. पण वाटेवरच्या गावांत साथ पसरली आणि नवरीला अख्खा हिवाळा माहेरीच काढावा लागला. त्या हिवाळ्यात ब्रिआंदाच्या डाव्या हाताचं एक दुखणं सुरू झालं. दुपारच्या सुमाराला हाताची पाठ मधूनच ओलसर व्हायची आणि काथ्या टेकवावा तशी टोचायची. तिने थंडीवर खापर फोडलं आणि बदामाचं तेल चोळलं.

वसंतात दोघी स्पेनच्या राजाच्या गावी, वाय्यादोलिदला पोचल्या. राजवाडा दगडी, लांबलचक, मेणबत्त्यांच्या काजळीने काळवंडलेला. दरबारात मखमली छताखाली राणीचं सिंहासन होतं आणि त्यावर ते चित्र बसवलेलं होतं.

"नवरी हजर नव्हती ना," राणीवशाची थोरली कारभारीण दोन्या मेन्सिया म्हणाली. "मग मान द्यायचा कुणाला? यांनाच दिला. ताट यांच्यापुढे, पहारा यांना, चुंबनही यांच्याच हाताचं. सगळं रीतसर हो, एक दिवस चुकला नाही."

"आता खरी राणी आलीय," ब्रिआंदा म्हणाली.

"हो तर, आलीय ना," मेन्सिया म्हणाली. तिची नजर चित्रावरच होती.

पहिल्याच दुपारी दरबार भरला. लिओनोर हातमोजा काढून, हात पुढे करून सिंहासनाशेजारी उभी राहिली. सरदार एकामागून एक आले. चित्रापुढे गुडघा टेकला, रंगवलेल्या हातावर ओठ टेकले, मागे सरकले. लिओनोरसमोर कुणी थांबलं नाही. तिचा हात हळूहळू खाली आला.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या ब्रिआंदाच्या डाव्या हातावर काहीतरी ओलसर टेकलं. मिशी टोचली. तिने हात झटकला. पुढचा सरदार वाकला आणि पुन्हा तेच. तिने हात झग्याच्या घडीत खुपसला, तरी टेकायचं ते टेकतच राहिलं. प्रवासाची दमणूक आहे, असं तिने स्वतःला बजावलं.

लिओनोरचं मात्र दमणुकीवर ढकलता येईना. ताट आधी चित्रापुढे जाई आणि तिच्यापर्यंत येईस्तोवर रश्श्यावर चरबी गोठलेली असे. दारावरचे शिपाई तिला पाहून उठत नसत. राजा तसा भला माणूस. रोज दुपारी चित्रापाशी खुर्ची ओढून तो शिकारीच्या गोष्टी सांगत बसे. बायको मागे उभी आहे याची त्याला गंधवार्ता नसे. कुणी उद्धट असतं तर ब्रिआंदा कडकडून भांडली असती, पण उद्धट कुणीच नव्हतं. उन्हात लावलेली मेणबत्ती दिसू नये, तशी ती पोर त्यांना दिसतच नव्हती.

"बाई, तुम्हाला मी दिसते ना?" रात्री बिछान्यावर पडून लिओनोर विचारी.

"दिसतेस. आणि सकाळपासून केसांना फणी लागलेली नाही, तेही दिसतंय."

ती हसत नसे. ब्रिआंदाचा डावा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून झोपी जाई. तिची बोटं दिवसेंदिवस गार आणि हलकी होत चालली होती. या पोरीला ब्रिआंदाने हाताला धरून पहिली रेघ काढायला शिकवली होती. पोरीने काढलेलं पहिलं चित्र एका दाराचं होतं, चौकटीसकट, कडीसकट.

शेवटी ब्रिआंदा मेन्सियाकडे गेली. "ते चित्र उतरवा. अडगळीत टाका, भिंतीकडे तोंड करून ठेवा, काहीही करा. माझी पोर संपत चाललीय."

मेन्सियाने छातीवर क्रूसाची खूण केली. "भलतंच काय बोलता, ब्रिआंदाबाई! राणीसाहेबांना अडगळीत टाकू?"

रविवारी सकाळी सगळा राजवाडा प्रार्थनेला गेला, तेव्हा रंग खरवडायची सुरी घेऊन ब्रिआंदा दरबारात शिरली. उंच खिडक्यांतून ऊन आलं होतं. आपण काढलेलं आपणच मोडायचं, त्यात भ्यायचं काय, असं ती मनाशी म्हणाली. चेहरा गेला की हे नुसतं रंग फासलेलं कापड उरेल आणि लिओनोर सुटेल.

चित्राच्या गालांवर लाली होती. एवढी लाली तिने भरली नव्हती.

तिने उजवा हात उचलला.

डावा हात आपणहून वर आला आणि त्याने उजव्याचं मनगट पकडलं.

तिने हिसके दिले. पकड सुटेना. सुरी फरशीवर पडली आणि आवाज दरबारभर घुमला. मग डावा हात सावकाश खाली उतरला.

ती धावत सुटली. लिओनोरच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या. बिछान्यावर घडीची चादर, उशीला खळगासुद्धा नाही. एक मोलकरीण केर काढत होती.

"लिओनोर कुठाय?"

"राणीसाहेब? दरबारात असतील की."

"अगं, इथे झोपायची ती!"

मोलकरणीने केरसुणी थांबवली. "इथे कुणी उतरलंच नाही अजून, बाई."

ब्रिआंदाने बागा पाहिल्या, विहिरी पाहिल्या, तबेल्यातसुद्धा हाका मारल्या. लोकांना तिची कीव आली.

ती अजून वाय्यादोलिदलाच आहे. लिस्बनला परत जा, असं मेन्सिया तिला गोडीत सुचवून थकली. रोज दुपारी राजा येतो, गोष्टी सांगतो, चित्रातल्या हातावर ओठ टेकवतो आणि जातो. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ब्रिआंदा आपला डावा हात रुमालाने पुसते. त्याची तिला सवय झाली आहे.

राजा गेला, दार लागलं की ती तळवा उघडून मांडीवर ठेवते आणि डोळे मिटते. थोड्या वेळाने दोन गार, हलके हात तो हात धरतात. मग एक बोट तळव्यावर रेघा काढू लागतं, तिने शिकवल्या होत्या तशा, न थरथरता.

चौकट. मग दार.

कडी नसते.